सुटलेलं पाणी

फाल्गुन लागला की वडखळच्या नाक्यावर वाल येतात. नवे, कडवे, उन्हात वाळवून झोडलेले. बायका गोणपाटावर ढीग घालून बसतात, शेजारी पांढऱ्या कांद्याच्या माळा, आणि हायवेच्या न संपणाऱ्या कामाची तांबडी धूळ सगळ्यांवर सारखीच बसत असते. पंधरा दिवसांपूर्वी पेणहून रोह्याला येताना एसटी तिथे जरा रेंगाळली, तेव्हा मी खाली उतरलो आणि काही कारण नसताना एका ढिगात मनगटापर्यंत हात घातला. वरचे वाल उन्हाने तापलेले असतात, आतले गार. बोटांना शेंगेच्या सालीचा बारीक कोंडा चिकटतो आणि तो बराच वेळ जात नाही.

"घ्या की काका," वालवाली म्हणाली. "रोह्याकडचे हायेत. बिरडं करा, नाव काढाल."

"अगं, रोह्यालाच चाललोय मी."

"मग काय झाला? तिथं तुमाला घरी आणून देणारा हाय काय कोण?"

ती बिचारी गिऱ्हाईक पटवत होती. आपलं बोट नेमकं कुठल्या दुखऱ्या जागी लागलं, हे तिला कुठून कळणार? मी अर्धा किलो वाल घेतले आणि गुपचूप जागेवर जाऊन बसलो. ती पिशवी अजून ओट्यावर आहे. बिरडं एकट्यासाठी होत नाही. मोड आलेला एकेक वाल सोलायचा, तर समोर दुसरं कोणी सोलायला बसलेलं लागतं आणि तोंडाने गावातल्या कोणाची तरी उणीदुणी चालू असावी लागतात.

घरी आणून देणारा होता. खांबचा बाळाराम. आम्ही दोघे रोह्याच्या एकाच कंपनीत, शेजारशेजारच्या प्लांटला. पण कंपनी ही त्याची जोडनोकरी, खरी नोकरी भात आणि वाल. सेकंड शिफ्टला यायचा तेव्हा सकाळभर शेतात राबून यायचा आणि सुपरवायझरच्या समोर उभ्याउभ्या डुलक्या काढायचा. दर फाल्गुनात पायलीभर वाल माझ्या दारात ठेवून जायचा. "मोजून नाय आणलं, निवडून घे," एवढंच म्हणायचा. गेली तीन वर्षं ते आलेले नाहीत. आणि त्यात त्याचा काडीइतका दोष नाही.

मी मूळचा पेणच्या खारेपाटातला. आमच्याकडे बांध घालून समुद्र बाहेर ठेवतात आणि मीठ पिकवायला लागेल तेवढाच आत घेतात. वडील मिठागरावर होते. भिंतीवर घड्याळ होतं, पण ते शोभेला. घरातली वेळ चालायची तिथीवर. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. खाडी जितकी आत शिरेल तितका चढायला उशीर, तो वर मिळवायचा. शाळेने मला बाकीचे पाढे दिले, पाऊणकी वडिलांनी दिली, बांधावर उभं करून. तेव्हापासून खारेपाटातल्या माणसाची गुर्मी माझ्या अंगात आहे. पाणी जणू आम्हाला विचारूनच वर चढतं, असं आम्हाला वाटत असतं. माझी गुर्मी आता जरा खाली बसली आहे. गेली आहे असं मी म्हणणार नाही.

आणि जिताडा. तो तर आमच्या बाजूचा मानाचा मासा. पावसात खाडीत बोटबोट लांबीची पिल्लं यायची, ती धरून गावच्या तळ्यात सोडायची आणि दोन-तीन वर्षांनी काढायची. जावई पहिल्यांदा आला की जिताडा, साहेबाकडे काम अडलं की जिताडा. खाऱ्यात जन्मतो, गोड्यात वाढतो आणि दोन्हीकडे आपलंच घर असल्यासारखा वावरतो. पण तळ्यातल्या जिताड्यात मला कधी राम वाटला नाही. तो आयतं खाऊन सुस्तावतो. नदीतला जिताडा गळाला लागला की मनगटातून खांद्यापर्यंत कळतं की पलीकडे कोणीतरी आहे. आताशा माझ्या दिवसात पलीकडे कोणीतरी असण्याचे प्रसंग फार थोडे येतात, म्हणूनही असेल, मी नदीवर जाणं सोडलेलं नाही.

रोह्याच्या कुंडलिकेला दोन पाणी आहेत. खालून खाडीची भरती, वरून वीजघराचं सुटलेलं पाणी. डोंगरापलीकडचं धरणाचं पाणी वीज करून नदीत पडतं. कोलाडला राफ्टिंगची पोरं रंगीत हेल्मेटं घालून त्याच पाण्यावरून किंचाळत जातात. तेच पाणी कालव्याने शेतात जातं, आणि उरलेलं बंधाऱ्यावरून घसरून खाली आमच्यापाशी येतं. बंधाऱ्याखाली फेस, फेसाखाली डोह, डोहाच्या कडेने काळे खडक. भरती फार तर तिथपर्यंत चढते. पाणी सुटलं की लहान मासळी बंधाऱ्यावरून गडगडत पडते, तिला दिशा कळत नाही, आणि जिताडा खडकाच्या आडोशाला तोंड वर करून थांबलेला असतो. मी हे तासन् तास पाहिलं आहे. इतक्या शांतपणे जेवणाची वाट पाहणारा प्राणी मी दुसरा पाहिला नाही, बाळाराम सोडून.

तो मोसम तीन वर्षांपूर्वीचा. माघातली शेवटची थंडी ते फाल्गुनाचा मध्य, पाच आठवडे असतील. आम्ही दोघेही नुकतेच निवृत्त झालो होतो. त्याच वर्षी माझी बायको खारघरला मुलाकडे गेली. "नातू चालायला लागला की येते," म्हणाली. नातू चालायला लागला, पळायला लागला, आता दप्तर घेऊन शाळेत जातो. तिची काही चूक नाही. तिथे तिच्यावाचून चार माणसांचं अडतं आणि इथे माझं डब्यावर भागतं. मी जातो अधूनमधून. आठव्या मजल्यावरून खाली पाहिलं की गाड्यांची टपं दिसतात. नातू चार दिवस अंगाखांद्यावर खेळतो. पाचव्या दिवशी मी उगाच गॅलरीत फेऱ्या मारायला लागतो आणि बायको न बोलता माझी बॅग भरते.

तर त्या माघात मी रोह्याच्या घरात पहिल्यांदा एकटा राहायला लागलो होतो. एकटं घर किती आवाज करतं हे मला साठीला आल्यावर कळलं. फ्रिज घरघरतो, टाकी भरते, शेजारच्यांचा टीव्ही, आणि आपण आपल्याशी मोठ्याने बोललेलं एखादं वाक्य. अशा एका सकाळी बाळाराम मोटारसायकलवरून आला. मागे बांबूच्या दोन काठ्या, हँडलला पत्र्याचा डबा, डब्यात जिवंत कोळंबी. दारातूनच म्हणाला, "हऱ्या, घरात अंडी घालतोस काय? चल गरवायला."

गरवणं म्हणजे गळ टाकून बसणं. त्याला ते फार चांगलं येत होतं असं नाही. कोळंबी गरीला लावताना तिची शेपटी तो हमखास मोडायचा आणि मग तिलाच शिव्या घालायचा. पण त्याची एक रीत होती. नदीवर पोचला की आधी वहाणा काढायचा, विजार गुडघ्यापर्यंत दुमडायचा आणि काठाच्या पाण्यात मिनिटभर गप्प उभा राहायचा. मी हसायचो. तो म्हणायचा, "पायानं बघतोय." जन्मभर कालव्याचं पाणी बारी लावून शेताला पाजलेलं. बांध फोडून पाणी आत घ्यायचं आणि वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला अनवाणी उभं राहून ते पोचलं का ते पाहायचं. त्याच्या तळव्याला पाणी कळायचं. मी मात्र निघतानाच कॅलेंडरवर तिथी बघून, पाऊणपट करून, चढायचा वेळ मिळवून, वेळेचा आकडा खिशात घालून आलेला असायचो.

यावरून आमचे रोजचे वाद. "तुजी तिथी त्या कॅलेंडरात राहू दे," तो म्हणायचा. मी म्हणायचो, "तुझे पाय त्या वालात राहू देत." वीजघराचं पाणी त्या दिवसांत दुपारी बारानंतर उतरायचं. त्यामुळे सकाळची भरती माझी आणि दुपारचं पाणी त्याचं, अशी आम्ही नदी वाटूनच घेतली होती. बारा वाजायला आले की वरचं पाणी यायच्या आत तो काठीला दोर गुंडाळायचा आणि आम्ही काठावरच्या करंजाखाली भाकरी सोडायचो. त्याच्याकडे तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कधी मिठात उकडलेल्या वालाच्या शेंगा. माझ्याकडे डबेवालीच्या पोळ्या. तो माझ्या पोळीकडे बघून म्हणायचा, "हिला आजारी माणसाला द्यायची," आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवायचा.

काय बोलायचो आम्ही? आठवायला बसलं तर एक धड विषय आठवत नाही. अमक्याची पेन्शन, तमक्याच्या मुलीचं लग्न, रस्त्यात गेलेल्या जमिनी, गुडघे. एकदा त्याने मला विचारलं, "वैनीची आठवण येते काय रे?" मी म्हटलं, "छे." तो पाण्याकडे बघतच म्हणाला, "खोटा बोलतोस ता चेहऱ्यावर दिसतंय." मला त्या दिवशी एवढं हलकं वाटलं की मी संध्याकाळी खारघरला आपणहून फोन केला. असं विचारणारं माणूस शोधून सापडत नाही. ते शेजारच्या प्लांटला तीस वर्षं असतं आणि आपल्या लक्षात येत नाही.

त्या मोसमातला मोठा जिताडा त्याला लागला. काठी एकदम धनुष्य झाली आणि बाळाराम ओरडला, "हऱ्या, धर रे, मला धर, काठी नको!" मी त्याला कमरेला विळखा घालून धरलं आणि दोघे सरकत सरकत गुडघाभर पाण्यात गेलो. मासा वर आला तेव्हा उन्हात त्याची पाठ शिशासारखी काळसर आणि पोट पांढरंस्वच्छ. डोळे तांबूस, रागावल्यासारखे. पाच किलोंवर भरला. त्याच्या घरी अंगणात कापला. आमच्या दोघांत ठरलं होतं, पकडेल त्याला डोकं, जोडीदाराला मधली तुकडी. सुमनवहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, चिंच घालून कालवण केलं. मी तीन वेळा भात घेतला. बाळाराम डोकं चोखत बसला होता. "बघा भावोजी," त्या म्हणाल्या, "वर्षाचं भात घरात आणलंन तरी एवढं तोंड फुललं नसतं."

आता त्या दिवसाबद्दल. टाळून चालणार नाही, कारण या सगळ्या लेखात मी त्याच्याभोवतीच फिरतो आहे.

दशमी होती. साडेसातची भरती, वर चढायला दीड तास, म्हणजे आमच्या खडकाला नऊ. आम्ही साडेआठला पोचलो. पाणी चढत होतं. डोहाच्या मध्ये एक सपाट खडक आहे, काठापासून दहा-बारा पावलांवर. त्यावरून गळ फेसाच्या कडेला नेमका पडतो. बाळारामने वहाणा काढल्या, पाण्यात उभा राहिला आणि म्हणाला, "पाणी गार लागतंय रे."

मी म्हटलं, "सकाळची वेळ आहे. गार नाही तर काय तापलेलं लागणार?"

"तसा गार नाय. वरचा वाटतंय."

"वरचं बाराला येतं. ही भरती आहे, दशमीची. तिला दम तो किती? नऊला थांबेल." आणि मी त्याला खडकाजवळ तरंगणारं एक पान दाखवलं. "बघ, पान वर चाललंय. वरचं पाणी असतं तर खाली गेलं असतं की नाही?"

पान खरंच वर चाललं होतं. बंधाऱ्याकडे. त्याने त्या पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुमी खाडीवाले. तुमाला कळणार." मग तो माझ्या पुढे खडकावर चढला.

नऊ वाजले. पाणी थांबलं नाही. सव्वानऊला खडकाची कड बुडाली तेव्हाही मी मनात वेळ जुळवत होतो, चढायला जरा जास्त वेळ धरायला हवा होता म्हणून. भरती थांबते. सुटलेलं पाणी थांबत नाही. त्या दिवशी वरून पाणी लवकर उतरलं होतं, एवढंच. विजेची गरज बदलली की वेळ बदलते, आणि ते काही आम्हाला कळवून सोडायला बांधलेले नव्हते. ते पान वर चाललं होतं, कारण खडकाला आपटून प्रवाह कडेने उलटा फिरत होता. आमच्या मिठागराच्या सपाट पाण्यात असं होत नाही. मी वाढलो त्या पाण्यात पान जिकडे जातं तिकडेच पाणी जातं.

शेवटी खडक सोडून काठाकडे परतताना बाळारामचा पाय दोन दगडांच्या फटीत अडकला आणि प्रवाहाने त्याला आडवं केलं. मी त्याच्या शर्टाची कॉलर धरली. पाणी माझ्या छातीला होतं आणि इतकं गार, की माझे दात वाजत होते. ते गार पाणी मला तेव्हा कळलं. काठावर म्हशी धुवायला आलेल्या दोघांनी दावं टाकलं, त्यांनीच आम्हाला ओढून घेतलं. गुडघ्याखाली त्याचा पाय वाकडा दिसत होता. त्याही स्थितीत तो मला म्हणाला, "काठ्या गेल्या रे."

दवाखान्यात सुमनवहिनींनी विचारलं, "कसं काय झालं?" मी तोंड उघडणार तेवढ्यात बाळाराम म्हणाला, "पाय घसरला गो. शेवाळ होता." शेवाळ वगैरे काही नव्हतं. मी उघडलेलं तोंड मिटलं. तिथे, त्या क्षणी, मला कोणी धमकावलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की त्याने सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. वहिनी माझ्याकडे वळून हात जोडून म्हणाल्या, "तुमी होतात म्हणून कुंकू राहिलं." मी मान खाली घातली, आणि त्यांना वाटलं मी विनयाने घातली.

त्यानंतर मी गेलो नाही. पहिला आठवडा शरमेने. मग पायात सळी घातली असं कळलं, तेव्हा जायचंच ठरवलं, पण नेमका अवकाळी पाऊस. मग इतके दिवस गेलो नाही, आता कुठल्या तोंडाने जाऊ, असं वाटायला लागलं. उशीर आणखी उशीर घेऊन येतो. पुढे पुढे तर बाळाराम आपल्यावर चिडला असणार, अशी मी माझी समजूतच करून घेतली. ती फार सोयीची होती. चिडलेल्या माणसाकडे न जाण्यात माणुसकी दिसते. त्याचा फोन दोन-तीनदा वाजला होता. मी उचलला नाही, आणि मग तो वाजायचा थांबला. पेणला भावाकडे जाऊन परत येताना मी कोलाडवरून फिरणारी एसटी टाळतो, नागोठण्यावरून खिंडीतून येणारी धरतो. कारण कोलाडच्या रस्त्याला खांब लागतं.

नदीवर मात्र जात राहिलो. आता नवा रॉड आहे, तंगूसची दोरी चांगली आहे. राफ्टिंगवाल्या एका ओळखीच्या मुलाकडून पाण्याची वेळ मोबाइलवर येते. खडकावर जात नाही, काठावरूनच टाकतो. पाण्याकडे बघत राहण्यात एक सोय असते. तुम्ही एकटे आहात असं कोणाला वाटत नाही, मासे पकडताय असं वाटतं. करंजाखाली बसून डबा खातो. एकदा चुकून भाकरीचा अर्धा तुकडा बाजूला ठेवला होता. मग मुंग्या लागल्या.

आणि मागच्या रविवारी जिताडा लागला. तीन वर्षांत पहिला. सकाळी वरचं पाणी नुकतंच उतरायला लागलं होतं आणि फेसाच्या कडेला दोर एकदम जड झाला. मी एकट्याने तो पंधरा-वीस मिनिटं खेळवला. मनगट दुखायला लागलं, तोंडाला कोरड पडली, आणि तो काठाशी आला तेव्हा मी मोठ्याने ओरडलो. काय ओरडलो ते सांगायला लाज वाटते. "बाळाराम, धर रे." काठावर कपडे धुणारी बाई धोपटणं थांबवून बघायला लागली.

सहा किलो असावा. मी फोटो काढून बायकोला पाठवला. तिचा निरोप आला, "छान. फ्रिजमध्ये मावेल का?" तिचंही बरोबर. मी घरी आणला, ओट्यावर ठेवला आणि समोर स्टूल घेऊन बसलो. वालाच्या पिशवीपासून गॅसच्या शेगडीपर्यंत ओटा भरला होता. एवढा मासा एकटा माणूस कापू शकतो, शिजवू शकतो, थोडाथोडा करून आठवडाभर खाऊही शकतो. पण जिताडा तसा खात नाहीत. आमच्याकडे तो कोणालातरी नेऊनच द्यायचा असतो. मी नावं आठवत गेलो. जुने साहेब पुण्याला गेले. शेजारी शाकाहारी. भाऊ पेणला, त्याच्या तळ्यात आहेतच. नावं संपली, आणि एकच राहिलं, जे मी पहिल्यापासून सोडून मोजत होतो.

मी मासा ओल्या गोणपाटात गुंडाळला, पिशवीत घातला आणि कोलाडवरून जाणारी एसटी धरली. कंडक्टरने पिशवीकडे बघून नाक मुरडलं. अर्ध्यापाऊण तासाचा रस्ता. तेवढ्याशा रस्त्याला मला तीन वर्षं लागली होती.

खांबला उतरलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. वाटेवरच्या खळ्यांत वाल झोडत होते, हवेत कोंडा उडत होता. बाळाराम अंगणातच होता. पाटावर बसून, एक पाय सरळ समोर पसरून, वाळलेल्या वेलांवर काठी मारत होता. केस बरेच पिकलेले. त्याने मान वर केली, मला पाहिलं, आणि काठी मारायची थांबला नाही. आतून सुमनवहिनी आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"काय ओ भावोजी," त्या म्हणाल्या, "वाट चुकलात काय?"

मी पिशवी खाली ठेवली. बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा हवापाण्याच्या गोष्टी निघाल्या असत्या आणि मी पुन्हा गप्प राहिलो असतो. उभ्याउभ्या म्हणालो, "वहिनी, शेवाळ नव्हतं. पाणी गार लागतंय, वरचं आहे, असं यानं मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. भरती आहे म्हणून मी याला खडकावर चढवला. हा पाय माझ्यामुळे गेला."

वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि नवऱ्याकडे पाहिलं. बाळारामची काठी थांबली होती.

"व्हय," तो म्हणाला. "मला ठाऊक हाय. हिलापण ठाऊक हाय, मीच सांगितलंय घरी आल्यावर. दवाखान्यात बोललो नाय, तवा तुजा तोंड पांढराफटक पडलेला."

"मग चिडलास ना माझ्यावर?"

"पाण्यावरून कोण चिडतो रे? तू चुकलास, मी ऐकला. दोघांची चूक." त्याने काठी बाजूला ठेवली आणि पसरलेल्या पायावर हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता, वालाच्या ढिगाकडे बघत म्हणाला, "पण पाय मोडला होता, हऱ्या. बोलायला तोंड शाबूत होता. सा महिने खाटेवर पडून होतो. गाडीचा आवाज आला काय ही दारात जाऊन बघायची, तू आलास काय म्हणून. नंतर मीच सांगितला हिला, नको बघू गो, तो यायचा नाय."

वहिनी आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला आणि थांबला. मी त्याच्यासमोर मातीत बसलो. माफी मागायची तर ती कशाची, तेच मला कळेना. पायाची मागायला आलो होतो, आणि पाय तर त्याने मला केव्हाच माफ केला होता.

नदीकाठी आपण एकटे पडलो, असं मी तीन वर्षं समजत होतो. इथे खांबच्या अंगणात दुसरा एक माणूस एकटा बसला होता, आणि त्याला तसं मी ठेवलं होतं.